येझदी रोडकिंग : क्लच बाजूचं क्रँकचं ऑइल सील दोनदा बदललं, तरी गिअर ऑइल जातंच

कृष्णाकाठ (कराड)

नमस्कार मंडळी. लिहिणं थोडं लांबेल, पण दोनदा फुल इंजिन उघडून झालंय, म्हणून काही न गाळता सांगतो.

वडिलांची रोडकिंग आहे, १९८४ चं पासिंग. साखर कारखान्यात नोकरीला होते तेव्हा रोज याच गाडीवर जायचे. नंतर १२ वर्षं ती गोठ्याशेजारच्या खोलीत पोत्यांखाली उभी होती. गेल्या दिवाळीनंतर बाहेर काढली. इंजिन जाम नव्हतं, पण आत गंज दिसला, म्हणून पूर्ण काम काढलं. बोअर, पिस्टन, कनेक्टिंग रॉड किट, क्रँकची (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य शाफ्टची) बेअरिंग, दोन्ही बाजूंची ऑइल सील (शाफ्टभोवती बसून तेल-हवा अडवणारी रबरी रिंग), सगळी पॅकिंग. काम इथल्याच एका मेकॅनिककडे केलं. माणूस कष्टाळू आहे, जुन्या गाड्या त्याने पुष्कळ केल्यात.

पहिले शंभरेक किलोमीटर गाडी सुंदर चालली. मग पांढरा धूर सुरू झाला. टू-टीचा, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचा, निळसर धूर सुरुवातीला असतो आणि इंजिन तापल्यावर विरळ होतो, तसा हा नव्हता. दाट, आणि तापल्यावर वाढणारा. वासही वेगळा, जळक्या गिअर ऑइलचा. प्लग ओला, काळा. २८० किलोमीटरवर गिअर ऑइल खाली करून मापात ओतलं. घातलं होतं एक लिटर, निघालं ६५० मिली. गाडीखाली मात्र एक थेंब नाही.

क्लच बाजूचं सील गेलं असं ठरवून इंजिन पुन्हा उघडलं, दुसऱ्या दुकानातून दुसरं सील आणून बसवलं. १९० किलोमीटरनंतर पुन्हा तोच धूर. आता मेकॅनिक म्हणतो, क्रँकच गेला, दुसरा शोधा. मला ते पटत नाही, रॉड किट तर नवं आहे. तिसरं सील घ्यावं का? घ्यावं तर कोणतं? आणि बसवताना आमचं काय चुकतंय?

दोन सायलेन्सर (पुणे)

लक्षणांवरून डावी बाजूच आहे, यात शंका नाही. येझदीत प्रायमरी चेन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच तेलात. डावं सील सुटलं की ते तेल क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या बंद कप्प्यात, ओढलं जातं आणि जळून जातं, बाहेर थेंबही पडत नाही. उजवं, म्हणजे डायनामोकडचं सील गेलं तर उलट होतं. तिकडे तेल नाही, नुसती हवा आत येते. आयडलिंग पकडत नाही, थ्रॉटल सोडला तरी रेस उतरत नाही, प्लग पांढरा पडतो. ते जास्त धोक्याचं, कारण मिश्रण पातळ होऊन चढावर पिस्टन पकडतो, सिलेंडरमध्ये जाम होतो. माझा एकदा खंबाटकीत पकडलाय.

सीलबद्दल म्हणाल तर नाना पेठेत धुंडाळा. म्हैसूरच्या कारखान्याच्या पाकिटातलं जुन्या स्टॉकचं सील अजून कुणाकुणाकडे असतं. कारखाना १९९६ ला बंद झाला, त्यामुळे महाग पडेल, पण अस्सल ते अस्सल.

टूलरूम ३४ वर्षं (कोल्हापूर)

कृष्णाकाठ, तिसरं सील आणायच्या आधी थांबा.

ऑइल सील ही एकटी वस्तू नाही, जोडीतली अर्धी आहे. उरलेला अर्धा म्हणजे शाफ्टवरचा तो अर्ध्या बोटाचा पट्टा, ज्यावर सीलची कड फिरते. दोन वेगळ्या दुकानांतली दोन सील सारख्याच वेळात हरली, म्हणजे दोष सीलचा नसून पट्ट्याचा किंवा बसवण्याचा असणार. क्रँक टाकून द्यायची गोष्ट तर आत्ता काढूच नका.

आधी टू-स्ट्रोकमध्ये सीलवर काय भार असतो ते बघा. पिस्टन वर गेला की क्रँककेसमध्ये ओढ तयार होते, खाली आला की दाब. ४००० आरपीएमला मिनिटात ४००० वेळा ओढ आणि ४००० वेळा दाब. फोर-स्ट्रोकमध्ये सील गळलं तर डाग पडतो आणि गाडी चालत राहते. इथे सील हा इंजिनाच्या श्वासाचाच भाग आहे. व्यास २५ मिमी धरला तर ५००० आरपीएमला शाफ्टचा पृष्ठभाग कडेखालून सेकंदाला साडेसहा मीटर वेगाने सरकतो. एवढ्या वेगात त्या पट्ट्यावरचा केसभर ओरखडासुद्धा काम करतो, चांगलं किंवा वाईट.

आता तीन गोष्टी सांगा. पहिली, त्या पट्ट्यावरून नख आडवं फिरवा, शाफ्टच्या लांबीच्या दिशेने. कुठे अडकतं का? जुनं सील वर्षानुवर्षं एकाच जागी फिरून शाफ्टला चर पाडतं. रबर लोखंड कसं झिजवेल असं वाटतं, पण झिजवतं. कडेखाली अडकलेली धूळ पॉलिश पेपरचं काम करते. त्यात तुमची गाडी १२ वर्षं एकाच स्थितीत उभी होती, म्हणजे कडेला लागून गंजाची रेघही धरली असेल.

दुसरी, तो गंज काढायला मेकॅनिकने पट्ट्यावर पॉलिश पेपर मारला होता का? मारला असेल तर कोणत्या नंबरचा, आणि कसा?

तिसरी, बेअरिंग बसवायला केसिंग गरम केलं तेव्हा सील आत होतं का?

मगच पुढचं बोलू. आणि दोन सायलेन्सर, तुमच्या त्या पाकिटावर मी पुढे लिहितो. मला ते अजिबात मान्य नाही.

कृष्णाकाठ (कराड)

काका, आज मेकॅनिकच्या गॅरेजात बसून सगळं विचारून घेतलं. वाईट न वाटता त्याने सगळं सांगितलं.

नख अडकतं, एका जागी स्पष्ट. शिवाय ८० नंबरचा पॉलिश पेपर मारला होता. क्रँक हातात धरून पट्टीने पुढे-मागे घासत नेला होता, सगळ्या पट्ट्यावर. भिंगाखाली पाहिलं तर ओरखडे सरळ गोल नाहीत, तिरपे आहेत, स्क्रूच्या आट्यासारखे. आणि पहिल्या वेळी सील आधी ठोकून बसवलं, मग बेअरिंगसाठी गॅसच्या बत्तीने केसिंग गरम केलं. दुसऱ्या वेळी बेअरिंग हलवलं नाही, त्यामुळे तापवलं नव्हतं.

म्हणजे दोन्ही वेळी वेगळं कारण का?

टूलरूम ३४ वर्षं (कोल्हापूर)

पहिल्या वेळी दोन कारणं होती, दुसऱ्या वेळी एक. जे दोन्ही वेळी हजर होतं, ते तुम्ही भिंगाखाली पाहिलंत.

तिरपे ओरखडे म्हणजे शाफ्टवर कोरलेला बारीक स्क्रू. शाफ्ट फिरायला लागला की तो स्क्रू कडेखालून तेल एका दिशेला ढकलतो. दिशा बाहेरची असती तर सील उलट चांगलं टिकलं असतं आणि तुम्हाला कळलंही नसतं. तुमच्याकडे ती आतली आहे. नवं सील घाला, सोन्याचं घाला, तो पंप चालूच राहणार. म्हणून सीलचा पट्टा ग्राइंड करताना चाक आडवं चालवत नाहीत. चाक सरळ आत घेतात, तिथेच ठेवतात आणि ठिणगी पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहतात. पृष्ठभाग ०.२ ते ०.८ मायक्रॉनच्या दरम्यान हवा. आरशासारखा गुळगुळीतही चालत नाही, कारण कडेखाली तेलाचा पापुद्रा धरायला थोडा खरखरीतपणा लागतो.

खात्री करायची असेल तर टूलरूममधली एक जुनी तपासणी सांगतो. क्रँक लेथवर दोन सेंटरमध्ये धरा. पट्ट्याला अगदी पातळ तेल लावा. शिवणाचा दोरा त्यावर टाका, खाली दोऱ्याला लहानसा नट बांधा, म्हणजे दोरा पट्ट्याला अर्ध्याहून जास्त वेढा घालून लोंबेल. मशीन न्यूट्रलला ठेवून चक हाताने सावकाश, एकसारखा फिरवा. रॉड मोकळा हलू द्या, खाली फळी ठेवा. पट्टा निर्दोष असेल तर दोरा जागचा हलणार नाही. स्क्रू असेल तर दोरा सरकत एका अंगाला जाईल, आणि चक उलटा फिरवला की परत येईल. दोन्हीकडे फिरवून बघणं महत्त्वाचं. दोन्ही वेळा एकाच दिशेला सरकला तर कदाचित लेथची लेव्हल बरोबर नसेल.

उपाय. नुसता चर असता तर सील एक-दीड मिमी आत किंवा बाहेर बसवून कड कोऱ्या जागेवर आणता आली असती, सीलच्या घरात (केसिंगमधल्या त्याच्या बैठकीत) जागा असेल तर. तुमच्याकडे पट्टा सगळाच घासलाय, तो मार्ग गेला. हार्ड क्रोम करून ग्राइंड करणं उत्तम, पण त्यासाठी क्रँक प्रेसवर सोडवावा लागेल, कारण बिग एंडचं (रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं) बेअरिंग आत असताना तो आम्लाच्या टाकीत घालता येत नाही. नुकतंच रॉड किट बसलंय, पिन पुन्हा काढली की पकड थोडी कमी होते. म्हणून तुमच्यासाठी मी बाही सुचवेन. शाफ्टवर चढवायची पातळ स्टेनलेसची बाही मिळते, जाडी साधारण पाव मिमी, पृष्ठभाग तयारच असतो. व्यास अर्धा मिमी वाढला तरी सील त्याच मापाचं चालतं. चराच्या जागी आधी थोडा इपॉक्सी भरा, नाहीतर बाहीला खालून आधार राहत नाही. मात्र बेअरिंग ज्या वाटेने जातं त्या वाटेत बाही येता कामा नये, हे आधी मोजून घ्या. काही इंजिनांत सील शाफ्टवर थेट न फिरता वेगळ्या कॉलरवर फिरतं. तसं असेल तर आणखी सोपं, कॉलर नवी वळवून, कडक करून, ग्राइंड करून घ्यायची.

सेंटरमध्ये धरलाच आहे तर क्रँकच्या दोन्ही टोकांना डायल (शाफ्ट किती डोलतो ते मोजणारं घड्याळ) लावा. रॉड किट बसवल्यावर क्रँक सरळ केला होता का, ते कुणी मोजलेलं दिसत नाही. ०.०३ मिमीच्या आत हवा. शाफ्ट डोलत असेल तर कड त्याच्या मागे धावू शकत नाही, आणि बेअरिंगही लवकर जातं.

आता पाकीट. रबर पडून म्हातारं होतं. ३० वर्षं पाकिटात राहिलेल्या सीलची कड कडक झालेली असते, बोटाने दाबून सोडली तर परत यायला वेळ घेते. त्या पाकिटावर माझंही प्रेम आहे, एक रिकामं मी कपाटात जपून ठेवलंय. पण इंजिनात ते घालू नका. ऑइल सील ही मापाची वस्तू आहे. जुन्या सीलवर आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. वाचता येत नसतील तर व्हर्निअरने शाफ्ट आणि घर मोजा, सील मोजू नका, कारण काढताना ते वाकतं. ती मापं घेऊन बेअरिंगच्या चांगल्या दुकानात जा आणि यावर्षी बनलेलं घ्या.

रबर कोणतं, हा खरा प्रश्न. साधं काळं नायट्राइल असतं, साधारण १०० अंशांपर्यंत ठीक. व्हिटॉन २०० पर्यंत जातं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि सीलचं एक तोंड कायम त्या मिश्रणात असतं. इथेनॉलने नायट्राइल फुगतं. म्हणून मी व्हिटॉनच म्हणेन, दोन्ही बाजूंना. ते बहुधा तपकिरी असतं, पण रंगावर विश्वास ठेवू नका, दुकानदाराकडून मटेरियलचा कोड वाचून घ्या. आणि व्हिटॉनचा तुकडा जाळून परीक्षा कधीच करू नका, त्याचा धूर विषारी असतो.

जमलं तर बाहेरून पूर्ण रबर असलेलं घ्या. अॅल्युमिनियमचं केसिंग तापल्यावर लोखंडापेक्षा जास्त पसरतं, तिथे रबर जागा भरून काढतं. आधीचं सील स्क्रूड्रायव्हरने उचकटलं असेल तर घरात ओरखडे असतील, त्यावरूनही रबर निभावून नेतं. लोखंडी बाहेरचं असेल तर बाहेरच्या कडेला सीलंटचा अगदी पातळ हात. आतल्या कडेपर्यंत तो जाता कामा नये.

बसवताना क्रम असा. केसिंग आधी तापवा, भट्टीत, सगळीकडून सारखं, बत्तीने एका जागी नाही. पाण्याचा थेंब टाकल्यावर चुरचुरून उडाला की पुरे, बेअरिंग आपल्या वजनाने खाली जातं. मग पूर्ण गार होऊ द्या. सील त्यानंतर. पहिल्या वेळी तुमच्या सीलची कड बत्तीखाली भाजली होती.

सीलच्या घराची सुरुवातीची कड धारदार असेल तर ती ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने मोडा. सीलच्या स्प्रिंगमागच्या खोबणीत थोडं ग्रीस भरा, नाहीतर ठोकताना स्प्रिंग उडून जाते आणि ती आतच पडते. कडेलाही ग्रीस. स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे, पण जुनं काढण्याआधी फोटो काढायला विसरू नका. सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढी सपाट चकती वळवून घ्या, किंवा तेवढ्याच मापाच्या जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग घ्या, आणि प्रेसने किंवा स्टडने दाबत सरळ आत न्या. हातोडीचा एक घाव इकडे, एक तिकडे, असं केलं तर सील तिरकं बसतं. डोळ्याला दिसत नाही, कडेला दिसतं. तेलाचं भोक असेल तर सीलने ते झाकू नये.

शेवटी शाफ्टवरून सील सरकवताना चावीची खाच, आटे, पायरी, जे काही वाटेत येईल त्यावर पातळ प्लॅस्टिकची सुरळी. कोल्ड्रिंकच्या बाटलीची पट्टी कापून गुंडाळली तरी चालते. खाचेच्या कोपऱ्यावर कड एकदा अडली की चिरते किंवा आत दुमडते, आणि हे कळतं ते १०० किलोमीटरनंतर.

गाडीवर चढवण्याआधी इंजिन टेबलावरच तपासा. पिस्टन खालच्या टोकाला आणा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहतात आणि क्रँककेस वर सिलेंडरशी जोडला जातो. दोन्ही एक्झॉस्टची तोंडं आणि कार्ब्युरेटरचं तोंड रबर आणि पट्टीने बंद करा. जुन्या प्लगमधलं चिनी मातीचं काढून त्यात नळी बसवा. घरात घड्याळवालं बीपी मशीन असेल तर त्याचा फुगा आणि घड्याळ त्या नळीला जोडा. ३०० पर्यंत न्या, तेवढा दाब पुरेसा आहे. त्याहून जास्त देऊ नका. पाच मिनिटांत वीसच्या आत उतरला तर मी निर्धास्त असतो. उतरत असेल तर साबणाचं पाणी.

आणि ओढीचीही तपासणी करा. कारच्या ब्रेकमधली हवा काढायचा हाताचा व्हॅक्युम पंप मिळतो, तो चालतो. दाबाने कड शाफ्टवर आणखी आवळली जाते, ओढीने ती उचलली जाते. दाबाला उत्तीर्ण झालेलं सील ओढीला नापास होऊ शकतं, आणि तुमचं तेल जातं ते ओढीच्याच वेळी.

मोराव्हिया

मी ब्रनोला राहते, माहेर सांगलीचं. इथे ऑइल सीलला सगळे गुफेरो म्हणतात. मुळात ते एका मालाचं नाव, आता वस्तूचंच झालंय. दुकानात गुफेरो म्हणून तीन आकडे सांगितले की समोर ठेवतात. म्हणजे काकांचं मापाचं म्हणणं इथेही तसंच आहे.

सासऱ्यांकडे जुनी जावा २५० आहे, आपल्याकडे जी पहिली म्हैसूरला बनायची तीच. मागचं चाक स्विंग आर्मवर डोलतं म्हणून इथे तिला कीवाच्का म्हणतात. तेही व्हिटॉनच घालतात आणि बसवण्याआधी कड स्वच्छ बोटाने चारी बाजूंनी चाचपतात, डोळे मिटून. त्यांचं म्हणणं, डोळ्याला न दिसणारी साच्याची बारीक रेघ बोटाला लागते. अशी रेघ लागली की ते सील परत करतात. कृष्णाकाठ, रोडकिंगचा कुठला भाग इथून हवा असेल तर कळवा, पण ती नंतरची गाडी, इथल्या जुन्या मॉडेलची सगळी मापं तिला लागतीलच असं नाही. मोजून पाठवा.

कास्ट आयर्न (नाशिक)

मध्येच विचारतो, माफ करा. माझी कास्ट आयर्न बुलेट ३५०. महिनाभर उभी राहिली की पहिल्या किकला पांढरा ढग निघतो, मग पाच मिनिटांत साफ. हेही क्रँकचं सील समजायचं का?

टूलरूम ३४ वर्षं (कोल्हापूर)

नाही. तुमची फोर-स्ट्रोक, तेलाची टाकी वेगळी, पंपाने फिरणारं तेल. उभी असताना ते पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये उतरतं, पहिल्या किकला वर येऊन जळतं आणि मग पंप ते परत खेचून घेतो. सील उघडू नका. चेन केसमधल्या तेलाची पातळी आपोआप वाढत असेल तर मात्र क्रँककेसचं तेल डाव्या सीलमधून तिकडे जातंय. आणि टायमिंग कव्हर कधी उघडलंत तर क्रँकच्या टोकाशी कॉर्कचं छोटं सील आहे, ते दरवेळी नवं घाला, तेलात भिजवून. त्यातूनच बिग एंडला तेल जातं. दहा-वीस रुपयांच्या वस्तूसाठी क्रँक गमावलेली माणसं मी पाहिलीत.

कृष्णाकाठ (कराड)

पाच आठवड्यांनी लिहितोय, काम संपल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

ओगलेवाडीच्या लेथवर दोऱ्याची तपासणी केली. दोरा आतल्या अंगाला चालत गेला, चाळीस-पन्नास फेऱ्यांत तीनेक मिमी. चक उलटा फिरवला तर आल्या वाटेने परत. मेकॅनिकला मुद्दाम बरोबर नेलं होतं. त्याने स्वतःच्या हाताने तीनदा करून बघितलं, मग तो दोरा नटासकट खिशात घातला. डायल लावल्यावर क्रँक ०.०९ मिमी डोलत होता. तो तांब्याच्या हातोडीने आणि पाचरीने सरळ करून घेतला, आता ०.०२ आहे.

बाही मिळायला दहा दिवस लागले. बेअरिंग बसवून झाल्यानंतर ती चढवली, वाटेत येत नव्हती. व्हिटॉनची सील कोल्हापुरातून आणली, उद्यमनगरच्या बाजूच्या दुकानातून, पूर्ण रबरवाली. मोराव्हियाताईंनी सांगितलं तसं कड डोळे मिटून चाचपली. एक परत केलं.

मग टेबलावर तपासणी. वडिलांचंच बीपी मशीन. ते खुर्ची घेऊन शेजारी बसले आणि घड्याळावर नजर ठेवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. ३०० वर नेला आणि मिनिटभरात २२० झाला. माझे हातपाय गळाले. साबणाचं पाणी लावलं, डाव्या बाजूला काहीच नाही. उजवीकडे, डायनामोच्या सीलला, खालच्या अंगाला बारीक फेसाची रांग. सगळं लक्ष डावीकडे होतं, उजवं बसवताना चावीच्या खाचेवर प्लॅस्टिक गुंडाळायचं आम्ही विसरलो होतो. काढल्यावर दिसलं, कडेचा तांदळाच्या दाण्याएवढा भाग आत दुमडलेला. तसंच चढवलं असतं तर धूर गेला असता आणि एखाद्या चढावर पिस्टन पकडला असता.

उजवं नवं घातलं, या वेळी बाटलीची पट्टी गुंडाळून. ३०० वरून पाच मिनिटांत २९२. वडील म्हणाले, अजून पाच मिनिटं थांब. दहा मिनिटांनी २८६. व्हॅक्युम पंप एका कार गॅरेजातून तासाभरासाठी मागून आणला, काटा जागचा हलला नाही.

गाडी चढवून आज ४१० किलोमीटर झाले. एक लिटर घातलं होतं, काल खाली करून मापलं, ९८५ मिली निघालं. उरलेलं भांड्याला चिकटलं असेल. सायलेन्सरच्या तोंडाशी निळसर धूर, तोही सकाळच्या पहिल्या दोन मिनिटांपुरता. थ्रॉटल सोडला की रेस लगेच उतरते.

काका, एक राहिलंच. मेकॅनिकने विचारलंय की दोऱ्याला नट किती वजनाचा बांधायचा. त्याच्याकडे आणखी दोन येझदी आणि एक राजदूत उघडून ठेवलीय.

टूलरूम ३४ वर्षं (कोल्हापूर)

आम्ही ३० ग्रॅमचा लावायचो. सोनाराकडे तोलून घ्यायला सांगा. आणि राजदूतचा क्रँक सेंटरमध्ये धरण्याआधी सेंटरची भोकं साफ करून घ्या म्हणावं, त्यात कचरा असेल तर डायल खोटं बोलतो.